एक ते पाचची पाळी

१

आमच्याकडे रात्र दोन पाळ्यांत चालते. दहा ते एक दर्शूच्या बाबांची, एक ते पाच माझी. माझे सासरे गिरणीत होते, त्यामुळे पाळी हा शब्द घरात आधीपासूनच होता. ते सांगायचे, पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने मागावरचा हात काढायचा नाही. आम्ही तो नियम दर्शूसाठी घेतला. एक वाजला की हे तिचा हात आणून माझ्या हातात देतात. मी जागी झाल्याची खूण म्हणून तो हात दाबते. मग हे भिंतीकडे तोंड करून झोपतात. दोन मिनिटांत घोरायला लागतात.

दर्शू म्हणजे माझी मुलगी दर्शना. वय एकोणतीस. तिच्या आजाराचं नाव अँजेलमन सिंड्रोम. पूर्वी मला ते नीट म्हणता येत नसे, आता झोपेतही म्हणेन. पंधरा नंबरच्या गुणसूत्रावर आईकडून एक बारीकसा तुकडा यायला हवा, तो तिच्यात नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलंय की यात कोणाचीच चूक नाही. दर्शू बोलत नाही. दोन्ही हात वर धरून, पाय फाकवून थप थप चालते. खूप हसते. पाणी दिसलं की तिला दुसरं काही नको. आणि तिला झोप फार कमी. लहान मुलांची झोप पुढे सुधारते म्हणतात. आमच्या दर्शूची सुधारली नाही.

भोईवाड्यातल्या चाळीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत यांची खाट, खाली आम्हा मायलेकींची गादी. आत स्वयंपाकघर, तिथेच मोरी. यांची झोप मोडू नये म्हणून मी माझ्या पाळीत दिवा न लावताच उठते. तिचा हात माझ्या हातात असतोच, ती माझ्याबरोबर उठते. आत गेलो की मी दार लोटून घेते, झिरोचा दिवा लावते आणि घमेल्यात चार तांबे पाणी ओतते. पाच वाजता तिला परत आणून निजवते. साडेपाचला नळ येतो.

मला गर्व करायचा झाला तर दोन गोष्टींचा करीन. एक, माझी मुलगी एकोणतीस वर्षांत एकही रात्र एकटी जागली नाही. दुसरी, ती रात्री गप्प राहायला शिकली. पूर्वी ती रात्री दोनला खदाखदा हसायची. शेजारच्या मीराबाई भिंतीवर लाटणं आपटायच्या. गेली पाचेक वर्षं ते नाही. माझ्या पाळीत ती हसत नाही, पाय वाजवत नाही, घमेल्यात नुसती बोटं फिरवत बसते आणि माझ्याकडे बघते. मीराबाई एकदा गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "उर्मिला, पोरीला वळण लावावं तर तुझ्यासारखं." ते मी बरेच दिवस मनात ठेवलं होतं.

गेल्या जानेवारीत मला भरदिवसा ओट्यापाशी उभ्या उभ्या डुलकी लागली आणि पदराला आच लागली. फारसं काही झालं नाही. पण धाकटा विहंग ठाण्याहून धावत आला. पनवेलच्या पुढे अशा मुलांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, तिथे रात्रपाळीला बायका असतात, त्याने ती आधीच बघून ठेवली होती. मी त्याच्याशी भांडले नाही. तो वाईट मुलगा नाही. शेवटी ठरलं ते असं, की परळच्या हॉस्पिटलात झोपेची तपासणी करायची. दर्शू खरंच रात्रभर जागत असेल तर ती संस्थेत जाईल. मी मान डोलावली, कारण मला दुसरं सुचलं नाही.

२

हॉस्पिटलातल्या अनिशने दर्शूच्या डाव्या मनगटाला घड्याळ बांधलं. काळं, काटे नाहीत, आकडे नाहीत. माणूस हलला की ते आत नोंद होतं. अधूनमधून एक हिरवा ठिपका लुकलुकतो तेवढंच. पट्टा एकदा लावला की कापूनच काढायचा, कारण ही मंडळी ओढून काढतात. चौदा दिवस ठेवायचं. मला एक छापील वही दिली. तास तासाचे चौकोन. ती जागी असेल तिथे रेघ मारायची. लिहायचं काम मला आवडतं. माझं अक्षर चांगलं आहे.

पहिल्या रात्री एक वाजता यांनी हात दिला, आम्ही आत गेलो, मी पाणी ओतलं. ती बोटं फिरवायला लागली. मला घड्याळाची आठवण झाली. अनिश म्हणाला होता की पाणी लागलं तरी चालेल, पण बुडवून ठेवू नका. म्हणून मी तिचा डावा हात पाण्यातून वर काढला.

मनगटावर काही नव्हतं.

उजवा बघितला. तोही रिकामा. घमेलं मोरीत ओतून बघितलं, फरशीवर हात फिरवला, तिच्या गाऊनच्या खिशात बघितलं. मनात आलं, एवढा घट्ट पट्टा हिने काढला कसा? आता अनिशला काय सांगायचं? ती माझी धावपळ शांतपणे बघत होती.

पाच वाजता तिला निजवलं, मीही आडवी झाले. साडेपाचला नळाच्या आवाजाने उठून ट्यूब लावली. घड्याळ तिच्या डाव्या मनगटावर होतं. कोरडं. पट्ट्याखाली माझी करंगळी कशीबशी जाईल इतकं घट्ट.

मी स्वतःला सांगितलं की झिरोच्या दिव्यात नीट दिसत नाही. चाळिशी पार झाल्यापासून माझा चष्मा दोनदा बदललाय आणि रात्री मी तो लावत नाही. दुसऱ्या रात्री लावला. मनगट रिकामं होतं. तिच्या मनगटावर मी बोट फिरवून बघितलं. कातडी गार होती, पण पाण्यात हात घातल्यावर गार लागणारच.

तिसऱ्या रात्रीपासून मी बघणं सोडलं. कोणाला बोलले नाही. विहंग म्हणाला असता, आईला भास होतात. वहीत मात्र रोज न चुकता लिहिलं, एक ते पाच जागी, शांत.

३

डॉक्टर सुरुची मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. प्रत्येक रात्रीची एक पट्टी. हालचाल तिथे काळ्या उभ्या रेघा, झोप तिथे कोरं. दहा ते पाऊण काळंच काळं होतं. एकच्या सुमाराला रेघा विरळ झाल्या आणि मग पाच वाजेपर्यंत कोरं. चौदाच्या चौदा रात्री.

शेजारी माझी वही उघडी होती. तिथे एक ते पाच रेघाच रेघा.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी मला खोटारडी ठरवलं नाही. म्हणाल्या, वर्षानुवर्षं जागलेल्या आयांना असं होतं. बसल्या जागी झोप लागते आणि स्वप्नातही त्या जाग्याच असतात. मी सांगितलं की मी तिचे केस विंचरते, गाऊन ओला झाला तर बदलते. त्यावर त्या म्हणाल्या, "ते तुम्ही इतकी वर्षं केलंय उर्मिलाताई, तुमच्या हातांना ते पाठ आहे. दर्शना झोपतेय. ही चांगली बातमी आहे."

विहंगने सुस्कारा सोडला. पण तो बँकेत असतो, प्रत्येक गोष्टीला अट घालायची त्याला सवय. म्हणाला, "ताई झोपते ना? मग आता तू पण झोपायचं. प्रॅक्टिकल बोलतो आई. उद्या तू पडलीस तर तिला बघणार कोण?" मॅडमनाही ते पटलं. पुढचे चौदा दिवस दोघींना घड्याळं. दोघी झोपल्या तर दर्शू घरी. चौदांपैकी सात रात्री दोघींपैकी एक जरी जागी दिसली तरी पनवेल.

अनिशने माझ्या मनगटाला घड्याळ बांधलं, मोजणी उद्या रात्रीपासून म्हणाला. हसत म्हणाला, "काकी, आता चीटिंग नाही."

घरी चालत आलो. हे दर्शूचा हात धरून पुढे, मी मागे. दर्शू थप थप चालत होती, बसच्या हॉर्नला हसत होती. मुलगी झोपते याचा मला आनंद झाला होता. मी काही दगड नाही. फक्त एक विचार जाईना. एक ते पाच ती झोपलेली असेल, तर मी केस कोणाचे विंचरत होते?

४

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा पिताना मी यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, एक वाजता तुम्ही मला हात देता तेव्हा दर्शू काय करत असते.

हे म्हणाले, "काय करणार? झोपलेली असते."

मी कप खाली ठेवला. ती झोपलेली असते तर मला उठवता कशाला, असं विचारलं. तर म्हणाले, ती कधीही उठेल, म्हणून. पाळी ती पाळी. तू हात दाबलास की मी झोपतो.

"अहो, ती माझ्याबरोबर उठते. रोज."

"उठत असेल गो. मी कुठे बघायला जागा असतो?"

मग त्यांनी खारीचा तुकडा चहात बुडवला आणि तो विरघळून खाली गेला तरी तसेच धरून राहिले. आम्ही एकोणतीस वर्षं रात्र इतकी नीट वाटून घेतली होती, की रात्री एकनंतर आम्ही दोघं एकाच वेळी कधी जागे नव्हतो. आम्हाला त्याचाच अभिमान होता. नातेवाईकांत सांगायचो, दोघांपैकी एकाची झोप कधी चुकली नाही.

मी विचारलं, "हात देताना तिच्या मनगटावर घड्याळ असायचं?"

"असायचं ना. लागायचं माझ्या बोटांना."

मोरीत दर्शूने तांब्या पालथा केला आणि मोठ्याने हसली. आम्ही दोघंही एकदम उठून बघायला गेलो. तीच होती.

५

डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. पहिल्या रात्री यांनी हात द्यायचा नाही, असं ठरवलं. दर्शू पाऊणला झोपली. हे झोपले. मी डोळे मिटून पडले आणि मला खरंच झोप लागली. अशी झोप मला लग्नाच्या आधी लागायची.

एक वाजून गेला असेल. स्वयंपाकघराच्या दारावर बोटं फिरल्यासारखा आवाज आला. वाजवत नव्हतं कोणी. पाण्यात फिरवावीत तशी बोटं, लाकडावर. मी हलले नाही. हलले तर घड्याळात नोंद होईल, असं माझ्या मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. उंदीर असेल. चाळीत उंदीर असतात.

थोड्या वेळाने दर्शू किंचाळून उठली. हसली नाही. तिला रडताना मी फार कमी वेळा बघितलंय. ती दाराकडे बघत होती आणि स्वतःचा डावा हात उजव्या हाताने घट्ट धरून बसली होती, कोणी ओढतंय तसा. मीराबाईंनी पाच वर्षांनी लाटणं आपटलं. पहाटेपर्यंत ती झोपली नाही.

दुसरी रात्र तशीच गेली. तिसऱ्या रात्री तिला फिट आली. दोन वर्षं आली नव्हती. यांनी घड्याळ बघत सेकंद मोजले, मी तिला कुशीवर धरून ठेवलं. ती शांत झाली तेव्हा हे म्हणाले की विहंगला आत्ता कळवायला नको. मला समजलं, त्यांनीही पनवेलचा विचार केला. तीन रात्री काळ्या झाल्या होत्या. अशा अजून चार झाल्या असत्या तर संपलंच.

मी दिवसभर विचार केला. मला फार शिक्षण नाही, दहावी झालेय. पण एवढं समजत होतं की पाच वर्षं माझी मुलगी झोपत होती ती कोणामुळे. कोणीतरी जागं होतं, त्याला सोबत होती, म्हणून. आणि मी सोबतीला गेले नाही, तर ते सोबत शोधत बाहेर येत होतं.

चौथ्या रात्री मी यांना सांगितलं, एक वाजता हात द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नक्की?" म्हणाले. मी हो म्हटलं.

एक वाजता हात आला. मी दाबला. हे वळले. मी अंधारात उठले आणि नेहमीसारखा माझ्या हातातला हातही उठला. या वेळी मी आत गेले नाही. तिथेच उभी राहिले. मग खाली वाकले आणि दुसऱ्या हाताने गादी चाचपली. उशी. केस. खांदा. कोपर. मनगट. घड्याळ.

ते मनगट गरम होतं, नाडी लागत होती. श्वास संथ चालला होता. माझी मुलगी झोपली होती.

माझ्या एका हातात तिचा डावा हात होता. दुसऱ्या हातातही एक डावाच हात होता. गार. त्याने माझी बोटं दाबली, पाळी बदलताना मी दाबते तशी.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर दर्शू उठली असती. मी गादीवरचा हात अलगद सोडला, दुसरा धरून आत गेले, दार लोटलं, दिवा लावला आणि चार तांबे पाणी ओतलं. केस विंचरले. चेहऱ्याकडे बघितलं का, असं कोणी विचारलं तर, बघितलं. तो माझ्या मुलीचा चेहरा आहे. नाकाजवळचा तीळसुद्धा आहे. फक्त त्याला कधी हसू आलेलं नाही. आणि माझ्याकडे तो असा बघतो, जसा दर्शूने आयुष्यात कोणाकडे बघितलं नाही. एखादी गोष्ट सांगायची आहे, शब्दही येत आहेत, पण मी विचारायची वाट बघत आहे, असा.

मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

६

राहिलेल्या सगळ्या रात्री मी पाळी केली. दर्शू एकदाही उठली नाही. मला माहीत होतं की माझं घड्याळ मला पकडणार. चार तास बसून विंचरणं, पाणी ओतणं, फरशी पुसणं, सगळं त्यात उतरणार. तरी मी गेले. दर्शूला झोप तरी लागू दे. माझं काय सांगायचं ते मी मॅडमच्या पाया पडून सांगेन, असं ठरवलं होतं.

अहवालाच्या दिवशी विहंगने अर्धी रजा घेतली. मॅडमनी दोन पट्ट्या एकाखाली एक लावल्या. वरची दर्शूची. पहिल्या तीन रात्री काळ्या, मग अकरा रात्री कोऱ्या. त्यांनी तिथे पेनाने टिचकी मारली आणि म्हणाल्या की सुरुवातीचा बदल अंगवळणी पडायला एवढा वेळ लागतोच. मग खालची पट्टी.

मी मान खाली घातली.

"उर्मिलाताई, बघा तरी," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दर्शनापेक्षा छान झोपलात."

अकरा रात्री, एक ते पाच, कोरं. एक रेघ नाही. मी माझ्या पट्टीकडे बघत राहिले. विहंगने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "सॉरी आई. मी उगाच पनवेलचं काढलं." बाहेर येऊन त्याने तिथल्या तिथे फोन करून जागा नको म्हणून कळवलं. यांनी घरी येताना पेढे घेतले आणि मजल्यावरच्या सगळ्यांना वाटले. मीराबाई म्हणाल्या, "तरीच तुझा चेहरा उजळलाय." आणि ते खरं होतं. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ओट्यापाशी डुलकी येत नव्हती. अंगात पंचविशीतला जोर होता.

त्या रात्री मी पाळीवर गेले तेव्हा घड्याळं नव्हती, कोणी काही मोजत नव्हतं. पाणी ओतलं. ती बोटं फिरवायला लागली. माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती मी पाचपर्यंत टाळू शकले असते. पण तीनच्या सुमाराला बाहेरून कुशीवर वळल्याचा आवाज आला आणि मी उठून दार चार बोटं उघडलं.

झिरोच्या दिव्याची पट्टी गादीवर पडली. दर्शू उताणी झोपली होती, एक हात डोक्यावर टाकून, लहानपणी झोपायची तशी. तिचा दुसरा हात शेजारी, माझ्या जागेवर झोपलेल्या बाईच्या हातात होता. बाई उजव्या कुशीवर होती. वेणी सुटलेली, तोंड थोडंसं उघडं. किती दमलेली असते एखादी बाई, ते ती झोपल्यावर कळतं. एकोणतीस वर्षांची झोप ती एकदम घेत होती.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती थोडी, आणि तीही एवढीच, की दाराची बिजागरी कुरकुरेल. त्यापेक्षा जास्त जे वाटलं ते सांगते. मला त्या दोघींचा अभिमान वाटला. दोघी घरातच होत्या. एकमेकींचा हात धरून झोपल्या होत्या. आणि त्यांच्यासाठी जागणारं कोणीतरी होतं.

मागे पाण्याचा आवाज थांबला. ती माझी वाट बघत होती.

मी दार अगदी हळू ओढून घेतलं. आत्ता कुठे झोप लागलीय त्यांना.